जीपचीं चाकें आणि घाटाचा उतार

उंबरमाळीचें स्टेशन मागें टाकून आगगाडी कसाऱ्यास पोंचली, कीं तिच्यापुढें थळघाट उभा राहतो. कसारा ते इगतपुरी हा लोहमार्ग १८६५ सालीं सुरू झाला. त्यावर दर ३७ फुटांस एक फूट असा चढ आहे, आणि तो चढतांना अनेक गाड्यांना मागून जादा एंजिनांचा जोर द्यावा लागतो. १९३० सालीं या घाटांत विजेचीं एंजिनें आलीं. तत्पूर्वीं हें काम वाफेचीं एंजिनें करीत. वाफेच्या साध्या एंजिनांत गिअर नसतो. दट्ट्याचा जोर दांड्यावाटे थेट चाकालाच मिळतो. म्हणून चाकाची उंची हाच त्याचा गिअर होय. मेलगाडीच्या एंजिनाला उंच चाकें आणि मालगाडीच्या वा घाटांतील एंजिनाला ठेंगणीं चाकें देण्याची रीत पडली, ती यामुळेंच. उंच चाक एका फेऱ्यांत अधिक अंतर तोडतें, परंतु त्याची ओढ कमी असते. ठेंगणें चाक सावकाश चालतें, पण ओढतें जोरानें.

जुन्या जीपला मोठे टायर चढविणाऱ्या हौशी मालकास हाच नियम लागू पडतो. शहापूर-मुरबाडच्या बाजूस पावसाळ्यांत भातखाचरांजवळच्या चिखलाच्या वाटा आणि काळ्या दगडांचे ओढे ओलांडावयाचे, तर मोठ्या टायरचा मोह होणें स्वाभाविक आहे. टायरचा व्यास तीन इंचांनीं वाढला, म्हणजे आंसाचा पोटाखालचा गोळा जमिनीपासून दीड इंच अधिक उंच राहतो. हा लाभ खराच. परंतु त्याची किंमत कोठें मोजावी लागते, हें पाहण्यासाठीं त्या गोळ्याच्या आंत डोकावलें पाहिजे.

त्या गोळ्यांत दोन दांतेरी चाकें असतात. एंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या टोकाला लहान चाक, म्हणजे पिनियन. आणि तें ज्याला फिरवितें तें मोठें चाक, म्हणजे क्राऊन. १९४१ ते १९४५ या काळांत बनलेल्या विलीज लष्करी जीपमध्यें पिनियनला ८ व क्राऊनला ३९ दांत असत. म्हणजे पिनियनचे सुमारें ४.८८ फेरे होतात, तेव्हां रस्त्यावरील चाकाचा एक फेरा पुरा होतो. यालाच आंसाचें गुणोत्तर म्हणतात. १९४५ मध्येंच त्या कारखान्यानें शेतकऱ्यांच्या उपयोगाची मुलकी जीप काढली. टायर तेच, सुमारें २८ इंच व्यासाचे. पण क्राऊनचे दांत ४३ केले. गुणोत्तर झालें ५.३८. नांगर व ओझें ओढावयाचें, तर वेगापेक्षां जोर हवा, हा विचार त्यामागें होता. पुढें मुंबईंत महिंद्र कंपनीनें जुळविण्यास घेतली, ती याच घराण्यांतील जीप.

आतां समजा, लष्करी जीपला ३१ इंची टायर बसविले. दांत तेच राहिले, पण चाक एका फेऱ्यांत जास्त अंतर तोडूं लागलें. परिणाम असा, कीं ४.८८ चें गुणोत्तर व्यवहारांत ४.४१ इतकेंच उरतें. जमिनीवर मिळणारा जोर जवळजवळ दहाव्या हिश्श्यानें घटतो. पूर्वीं ताशी ५० किलोमीटर वेगास एंजिनाचे मिनिटाला सुमारें १,८२० फेरे होत, ते १,६४० वर येतात. सपाट हमरस्त्यावर हें सुखाचें वाटतें; एंजिन शांत चालतें. परंतु चढावर टॉप गिअर टिकत नाहीं, आणि चिखलांतून निघतांना क्लच घासून तापूं लागतो. कमी वेगाची दुसरी गिअरपेटी वापरली तर आडवाटेवर बरीच भरपाई होते, पण डांबरी घाटांत ती नेहमीं लावतां येत नाहीं.

उपाय त्रैराशिकाचा आहे. जुन्या गुणोत्तरास नव्या व्यासानें गुणावें आणि जुन्या व्यासानें भागावें. ४.८८ ला ३१ नें गुणून २८ नें भागलें असतां ५.४० येतात, आणि ५.३८ ची जोडी त्याच घराण्यांत तयारच आहे! ती बसविली, कीं जीप पुन्हां पूर्वपदावर येते. ज्याच्या जीपला मूळचीच ५.३८ ची जोडी आहे, त्यास ३१ इंची टायरवर ४.८६ चें फळ मिळतें. म्हणजे त्याची शेतकी जीप लष्करी जीपसारखी वागूं लागते. त्याला जोर मूळपदावर आणावयाचा, तर ५.९५ ची जोडी लागेल. परंतु क्राऊन तेवढाच ठेवून गुणोत्तर वाढवीत नेलें, तर पिनियन लहान व दुबळा होत जातो. अशा मालकानें टायरच थोडा लहान निवडणें शहाणपणाचें.

हिशेबापूर्वीं व्यास मात्र स्वतः मोजावा. टायरवर छापलेला आंकडा आणि भरल्या गाडीखालीं दबलेल्या टायरची उंची एक नसते. जमिनीपासून चाकाच्या मध्यापर्यंतचें अंतर घेऊन त्याची दुप्पट करावी. जुन्या व नव्या दोन्ही टायरांचें माप याच रीतीनें घ्यावें. चारहि चाकें चालविणाऱ्या गाडींत पुढच्या व मागच्या आंसांचें गुणोत्तर एकच हवें. नाहींतर दोन्ही आंस एकमेकांशीं झगडून दांते मोडतात. क्राऊन व पिनियन जोडीनेंच बदलावे, आणि दांतांना रंग लावून ते कोठें टेकतात तें पाहणारा जाणता मिस्त्री गांठावा. वेगमापकहि चुकूं लागतो: तो ५० दाखवितो तेव्हां गाडी ५५ नें धांवत असते. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम उत्पादकाच्या तपशिलाशीं विसंगत फेरफारास मनाई करतें. यास्तव खर्चापूर्वीं नोंदणी कचेरींत विचारणा करावी.

या साऱ्या हिशेबांत बहुतेकांचें लक्ष चढाकडे असतें. चढावर जोर अपुरा पडला, तर गाडी थांबते. फार तर खालचा गिअर टाकावा लागतो. खरी परीक्षा उतारावर असते. ज्या गिअरनें घाट चढावा त्याच गिअरनें तो उतरावा, असा मोटारहांक्यांचा जुना दंडक आहे. कारण उतारावर एंजिनच गाडीला मागें ओढून धरतें आणि ब्रेक थंड राहतात. मोठ्या टायरनें हें ओढून धरणें दहाव्या हिश्श्यानें सैल पडतें. त्याच वेळीं ब्रेकची पकडहि तितकीच घटते, कारण ब्रेकचें पिंप तेवढेंच राहतें आणि चाकाची तरफ लांबते. माळशेजच्या वळणावर, पावसाच्या धारेंत आणि धुक्यांत, या दोन उणिवा एकदम भेटतात. गुणोत्तर बदलल्यानें पहिली भरून निघते. दुसरीसाठीं ब्रेकच सुधारले पाहिजेत. यास्तव आंसाचें गुणोत्तर निवडावें, तें गाडी किती उंच चढेल हें पाहून नव्हे, तर भरल्या ओझ्यानिशीं ती किती निर्धोक उतरेल हें पाहून.