जुन्या विवाह-नोंदवह्या आणि हरवलेल्या नावांचा शोध

राजे, लढाया आणि तह यांचा इतिहास ग्रंथांत सापडतो. सामान्य माणसाचे नाव मात्र बहुधा एखाद्या कारकुनाने लिहिलेल्या नोंदवहीतच शिल्लक राहते. जन्म, मृत्यू, जमीन आणि विवाह यांच्या या नोंदी म्हणजे सामान्यांच्या इतिहासाचे मुख्य साधन होय. त्या वाचून त्यांची स्वच्छ नक्कल करणे आणि नावांची सूची तयार करणे, हे काम आज जगभर हजारो स्वयंसेवक करीत आहेत. अमेरिकेतील काउंटी विवाह-नोंदींच्या उदाहरणावरून या कामाचे स्वरूप आणि मोल समजून घेऊ.

काउंटी हा अमेरिकेत राज्याखालचा प्रशासकीय विभाग. ढोबळमानाने आपल्या जिल्ह्यासारखा. विवाहाचा परवाना देणे आणि विवाहाची नोंद ठेवणे ही कामे तेथील बहुतेक राज्यांत काउंटीच्या कचेरीत होतात. जुन्या काळी एका विवाहाची दोन-तीन कागदपत्रे निर्माण होत. काही राज्यांत वर आणि जामीनदार मिळून प्रथम बंधपत्र लिहून देत, मग परवाना निघे आणि विवाह लागल्यावर धर्मोपदेशक किंवा न्यायाधिकारी तसा दाखला कचेरीकडे परत पाठवी. या प्रत्येक कागदावरील तारीख निराळी असू शकते. परवाना निघाला म्हणजे विवाह झालाच, असेही म्हणता येत नाही. म्हणून कोणती तारीख कोणत्या कागदावरची आहे, हे नक्कल करणाऱ्याने स्पष्ट नोंदविले पाहिजे.

या नोंदवह्यांत १८६६ सालच्या काही वह्यांचे स्थान अगदी वेगळे आहे. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेकडील राज्यांत गुलाम स्त्री-पुरुषांच्या विवाहाला कायद्याची मान्यता नव्हती. मालकाच्या मर्जीने पती एका गावी आणि पत्नी दुसऱ्या गावी विकली जाई. १८५० व १८६० च्या जनगणनेत गुलामांची स्वतंत्र पत्रके होती. त्यांत नाव होते मालकाचे, आणि त्याखाली माणसांचे केवळ वय, लिंग व वर्ण. गुलामगिरीतून मुक्त झालेली बहुसंख्य माणसे जनगणनेत स्वतःच्या नावाने प्रथम दिसतात ती १८७० साली. त्यामुळे आपले पूर्वज शोधणाऱ्या कृष्णवर्णीय अमेरिकनांची वाट १८७० पाशी येऊन अडते.

या भिंतीला काही ठिकाणी खिंडारे आहेत, ती विवाह-नोंदींची. यादवी युद्ध संपल्यावर आणि १८६५ अखेर गुलामगिरी संविधानानेच रद्द झाल्यावर अशा जोडप्यांच्या सहजीवनाला मान्यता देण्याचा प्रश्न उभा राहिला. नॉर्थ कॅरोलिना राज्याने मार्च १८६६ मध्ये कायदा करून अशा जोडप्यांना काउंटीच्या अधिकाऱ्यासमोर येऊन आपण कधीपासून एकत्र राहतो हे सांगण्यास फर्माविले. नोंदीची फी होती २५ सेंट. व्हर्जिनियाने २७ फेब्रुवारी १८६६ रोजी पती-पत्नी म्हणून एकत्र राहणाऱ्यांचे विवाह वैध ठरविले, आणि मुक्त झालेल्यांसाठी नेमलेल्या फ्रीडमेन्स ब्यूरो या केंद्रीय खात्याने काउंटीवार नोंदवह्या तयार केल्या. या वह्यांत पती व पत्नी यांची नावे, वये, जन्मस्थाने आणि शेवटच्या मालकांची नावे, तसेच पतीचा व्यवसाय, मुलांची नावे व वये आणि सहजीवन केव्हा सुरू झाले, यांसाठी रकाने होते. ज्यांचे आईवडील त्या दिवशी एकत्र राहत नव्हते, परंतु ज्यांना वडिलांनी आपली मुले म्हणून स्वीकारले होते, अशा मुलांचीही वेगळी वही होती. एका ओळीत एक संपूर्ण कुटुंब, तेही १८७० च्या पूर्वीचे. संशोधकाच्या दृष्टीने यापेक्षा मोलाचा कागद क्वचितच मिळेल.

परंतु कागद असणे आणि तो सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जोडपी ज्या क्रमाने आली त्या क्रमाने नोंदी झालेल्या. आपले पूर्वज कोणत्या काउंटीत होते हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने किती वह्या आणि किती पाने चाळावीत? ही अडचण सूचीने दूर होते. फ्रीडमेन्स ब्यूरोच्या दप्तराची अशी सूची करण्याचा मोठा प्रकल्प १९ जून २०१५ रोजी, म्हणजे मुक्तिदिनाच्या १५० व्या स्मृतिदिनी, जाहीर झाला. २५,००० हून अधिक स्वयंसेवकांनी सुमारे वर्षभरात जवळजवळ १८ लाख नावे शोधण्याजोगी केली.

हे काम करणाऱ्याचा पहिला नियम असा की, जे दिसते तेच लिहावे. तो पाळणे वाटते तितके सोपे नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी हस्ताक्षरात 'एस' हे अक्षर जोडून दोनदा आले की पहिले लांब काढीत. ते 'एफ'सारखे दिसते आणि 'रॉस' हे आडनाव 'रोफ्स' असे वाचले जाते. मोठे 'आय' आणि 'जे', तसेच 'एल' आणि 'एस' एकमेकांसारखे भासतात. 'जॉन'साठी 'जे-एन-ओ', 'जेम्स'साठी 'जे-ए-एस' असे संक्षेप येतात. अशा वेळी त्याच कारकुनाच्या हातची इतर अक्षरे शोधून ताडून पाहावीत. अमेरिकेत अंकांत तारीख लिहिताना महिना आधी आणि दिवस नंतर येतो, याचेही भान ठेवावे. न वाचता आलेल्या अक्षराच्या जागी ठरलेली खूण करावी; अंदाजाने जागा भरू नये.

दुसरा नियम, सुधारणा करू नये. पतीचे आडनाव एक आणि शेवटच्या मालकाचे दुसरे, असे पाहून नवख्याला कारकुनाची चूक झाली असे वाटेल. वस्तुतः ते आडनाव आधीच्या मालकाचे असू शकते, वडिलांकडून आलेले असू शकते किंवा त्या माणसाने स्वतः निवडलेलेही असू शकते. ती विसंगती दूर केली की पुढच्या संशोधकाचा धागा तुटतो.

मग 'स्मिथ' हे नाव दोन तऱ्हांनी लिहिलेले असेल तर ते शोधावे कसे? ते काम सूचीच्या शोधपद्धतीवर सोडावे. १९१८ साली रॉबर्ट रसेल यांनी पेटंट घेतलेल्या पद्धतीतून 'साउंडेक्स' ही रीत पुढे रूढ झाली. तीत नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवून स्वर गाळतात आणि उच्चाराने जवळच्या व्यंजनांना एकच अंक देतात. त्यामुळे 'स्मिथ'ची दोन्ही रूपे एस-५३० या एकाच संकेताखाली येतात. मात्र पहिले अक्षरच चुकीचे वाचले गेले, तर ही रीतही हतबल ठरते. म्हणून अनेक प्रकल्पांत एकच पान दोघे जण स्वतंत्रपणे उतरवीत. जेथे मतभेद होई तेथे तिसरा जाणकार मूळ प्रतिमा पाहून निर्णय देई. सूची तयार झाली तरी मूळ पान पाहिल्याशिवाय संशोधकाने निष्कर्ष काढू नये, हेही तितकेच खरे. सूची वाट दाखविते. पुरावा मूळ पानच असते.

विद्यार्थी मित्रहो, एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. नॉर्थ कॅरोलिनात १८३० च्या कायद्याने गुलामाला लिहिणे-वाचणे शिकविणे हा गुन्हा ठरविला होता. १८६६ साली कचेरीत उभ्या राहिलेल्या बहुतेक पती-पत्नींना स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते. त्यांनी ते तोंडाने सांगितले, कारकुनाने ऐकले तसे लिहिले आणि लिहिलेले बरोबर आहे की नाही हे त्यांना तपासताही आले नाही. आज ज्यांना वाचता येते, ते त्यांच्यासाठी ते नाव पुन्हा वाचीत आहेत. अक्षरओळखीचा याहून कृतज्ञ उपयोग कोणता असू शकेल?