पिशवीतली माणसं

२०२५ च्या मे महिन्यात लबूबू नावाच्या दात विचकणाऱ्या बाहुल्यांसाठी ब्रिटनमध्ये इतकी रेटारेटी झाली, की पॉप मार्ट कंपनीने इथल्या दुकानांतली त्यांची विक्रीच काही काळ थांबवली. लगोलग पुण्याहून मैत्रिणींचे फोन आले. तिकडे माणसं बंद खोक्यांसाठी भांडतात म्हणे? भांडतात. आत कोणती बाहुली आहे हे घेणाऱ्याला कळू द्यायचं नाही, यावरच तो सगळा धंदा उभा आहे. मला त्या बातमीचं नवल वाटलं नाही, राग आला. कारण याच देशात, याच प्रकारच्या खेळण्याच्या बाबतीत, घेणाऱ्याला आतलं ओळखता येत होतं. डोळ्यांनी नव्हे, बोटांनी. आणि ती सोय आमच्या डोळ्यांदेखत काढून घेतली गेली.

मी लेगोच्या पिशव्यांबद्दल बोलते आहे. बोटाएवढ्या उंचीचा प्लॅस्टिकचा माणूस, त्याचे सुटे भाग, हातात धरायची एखादी वस्तू, एक घडी घातलेला कागद, आणि हे सगळं एका अपारदर्शक पिशवीत. मे २०१० मध्ये पहिली मालिका आली आणि मे २०२३ मध्ये शेवटची पिशवी निघाली. मधली वर्षं मी रेडिंगमध्ये काढली. मुलगा लहान होता, इंग्लंड नवं होतं.

बंद पुडीत माल विकण्याची युक्ती तशी जुनी. इटलीत पानिनीची फुटबॉलपटूंची चित्रं १९६१ पासून पाकिटांत येत होती. जपानमध्ये साठच्या दशकात नाणं टाकून गोळा काढायची यंत्रं आली, आणि १९७४ मध्ये फेरेरोने चॉकलेटच्या अंड्यात खेळणं घातलं. या इतिहासावर लोकांनी भरभरून लिहिलं आहे. मला त्यात रस नाही. चित्राचं पाकीट दाबून आतला खेळाडू कळत नाही, अंडं दाबलं तर फुटतं. तिथे नशिबाशिवाय दुसरं काही चालत नव्हतं.

लेगोचा माणूस १९७८ चा, येन्स नीगोर्ड क्नुडसेन या डॅनिश आराखडाकाराने घडवलेला. पहिली तीसेक वर्षं तो घरांच्या, गाड्यांच्या, किल्ल्यांच्या संचाबरोबर यायचा. पोलीस हवा तर चौकी विकत घ्या, असा हिशोब होता. २०१० मध्ये तो पहिल्यांदा एकटा, स्वतःच्या बळावर दुकानात उभा राहिला. सोळा माणसांची मालिका, एका पिशवीची किंमत १ पौंड ९९ पेन्स. शनिवारच्या खाऊच्या पैशांत बसेल अशी. हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं सगळं या किमतीवर उभं होतं. ज्या मुलाकडे आठवड्याला दोनच पौंड आहेत त्याला चुकीची पिशवी परवडत नाही.

पहिल्या दोन मालिकांत आळशी लोकांची चैन होती. प्रत्येक माणसाचा बारकोड वेगळा होता, त्यामुळे आकड्यांची यादी खिशात घेऊन फिरलं की झालं. तिसऱ्या मालिकेपासून बारकोड एकच झाला. मग पिशवीच्या शिवणीवर उठवलेल्या बारीक ठिपक्यांची जागा पाहून लोक अंदाज बांधू लागले. पुढे तेही बंद झाले आणि बोटांना पर्याय उरला नाही. आमचा सुवर्णकाळ तिथून सुरू झाला.

हे काम शिकावं लागतं. आधी पिशवी उभी धरून हलकेच झटकायची, म्हणजे तुकडे एका कोपऱ्यात जमतात. चपटी पट्टी लागते ती माणसाला उभं करायची बैठक. ती प्रत्येक पिशवीत असते, म्हणून तिला बाजूला सारायचं. पाय, धड, डोकं ही सगळ्यांची सारखीच, तीही सोडायची. घडी घातलेला कागद मात्र शत्रू. तो तुकड्यांच्या आणि बोटांच्या मधे येतो, म्हणून त्याला चिमटीने पिशवीच्या पाठीला चिकटवून ठेवायचं. यानंतर जे उरतं ते त्या माणसाचं स्वतःचं. आमच्या घरी हिवाळ्यात मटार सोलायला बसलं की आई शेंग उघडण्याआधी अंगठ्याने दाबून दाणे किती आणि कोवळे की जून ते सांगायची. तो अंगठा मला इंग्लंडमध्ये उपयोगी पडला.

दोन छोटे गोळे आणि त्यांना दांडे, म्हणजे खुळखुळे वाजवणारा मेक्सिकन. दोन टोकांना चकत्या असलेली कांब, म्हणजे पैलवानाची वजनं. चाकं बोटाला लागली तर ती फळीवरून घसरणाऱ्या पोराची. लांब काडी आणि एक मासा, म्हणजे कोळी. तिसऱ्या मालिकेतल्या वनवासी एल्फचे कान केसांच्या टोपालाच जोडलेले होते, आणि त्या दोन टोकांवरून त्याला ओळखायला अर्धा मिनिट पुरायचा. सहाव्या मालिकेतल्या रोमन शिपायाची ढाल चौकोनी आणि किंचित वाकलेली; ती एकदा बोटात बसली की विसरणं शक्य नव्हतं. कसोटी लागायची ती मऊ आकारांची. केस की टोपी? शिरस्त्राण की गोरिलाचं तोंड? गोरिलाच्या पोशाखातल्या माणसाजवळ एक केळं होतं, त्या वळणावर सगळा निकाल लागायचा.

२०१४ च्या मे महिन्यात टीव्हीवरच्या कार्टूनमधलं सिम्पसन कुटुंब पिशव्यांत आलं तेव्हा नवशिक्यांनाही दिवाळी झाली. त्यांची डोकीच मुळी वेगवेगळ्या घडणीची होती. मार्जच्या केसांचा मनोरा, बार्टच्या डोक्यावरचे कंगोरे, लिसाचं चांदणीसारखं डोकं. दुकानदार अपूही त्यात होता. पुढच्या वर्षी तेराव्या मालिकेत पगडीवाला गारुडी मिळाला. आम्हां भारतीय आयांना त्याचं कौतुक करावं की कपाळाला हात लावावा ते कळेना. मी कपाळाला हात लावला. माझा मुलगा मात्र त्याच्यावर खूश होता.

खेळण्यांच्या दुकानातली ती एक मांडणी हे माझं इंग्लंडमधलं पहिलं ओळखीचं ठिकाण. इथे रांगेत माणसं माणसांशी बोलत नाहीत, शेजारी वर्षानुवर्षं हवामानापलीकडे जात नाहीत. पण त्या मांडणीपुढे अनोळखी माणूस पिशवी पुढे करून विचारायचा, "मला हा गोरिला वाटतोय, तुम्हांला हवाय का?" निवृत्त झालेले एक गृहस्थ फक्त रोमन शिपाई गोळा करायचे, त्यांना पूर्ण तुकडी उभी करायची होती. त्यांच्यासाठी आम्ही सापडलेल्या ढाली बाजूला ठेवायचो आणि ते माझ्या मुलासाठी प्राणी शोधून द्यायचे. शाळकरी पोरं मोठ्या माणसांना शिकवायची आणि मोठी माणसं ऐकून घ्यायची. कोण कुठला, इंग्रजी कसं बोलतो, हे तिथे कोणी मोजत नव्हतं. बोटांना कळतं की नाही, एवढंच पाहिलं जायचं.

त्या काळात आमच्यावर एक आरोप सतत व्हायचा आणि त्याचं उत्तर द्यायची संधी मी सोडणार नाही. पिशव्या चाचपणं म्हणजे लबाडी, गंमत घालवणं, असं काही शुद्धतावादी म्हणायचे. एका दुकानात तर काउंटरवरच्या बाईंनी मुलाच्या हातातून पिशवी काढून घेतली आणि चोरी पकडल्यासारख्या आमच्याकडे पाहत राहिल्या. लबाडी कसली? पैसे देऊन वस्तू घेताना ती काय आहे हे पाहणं हा ग्राहकाचा हक्क आहे. कंपनीने डोळ्यांचा रस्ता बंद केला, हाताचा राहिला होता. तो वापरायला मेहनत लागायची, आणि ती लहान मूलही करू शकायचं. आणि गंमत जाते म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट कधी लक्षातच घेतली नाही. आम्ही पुण्याला जाताना भाच्यांसाठी या पिशव्या न्यायचो. टेनिस खेळणाऱ्या भाचीला टेनिसपटू, मासे धरायचं वेड असलेल्याला कोळी. पिशवी बंदच. देणाऱ्याला आत काय आहे ते पक्कं माहीत, घेणाऱ्याला अजिबात नाही. चेहरा बघण्यासाठी असं दुसरं कुठलं खेळणं मला सापडलेलं नाही.

खरी लबाडी वेगळ्यांनी केली. २०१३ च्या दहाव्या मालिकेत कंपनीने सोळा माणसांच्या जोडीला एक सोनेरी माणूस सोडला, जगभरात मिळून फक्त ५,०००. टोपी, काठी आणि चकचकीत सोनेरी मुलामा. तोपर्यंत निवांत असलेल्या त्या मांडणीवर दुसरीच माणसं येऊ लागली. दुकान उघडताच अख्खे डबे चाळायचे, हवं ते उचलायचं, बाकीच्या पिशव्या चुरगळून, प्रसंगी फाडून टाकून जायचं, आणि सापडलाच तर मूळ किमतीच्या कित्येक पट दराने विकायचा. मुलं दुपारी शाळेतून येईपर्यंत मांडणीवर उरलेला असायचा तो केवळ नकोसा माल. त्या वर्षी कित्येक दुकानदारांनी पिशव्या काउंटरमागे नेल्या. मी त्यांना दोष देत नाही. पण त्या सोनेरी माणसाची मला कधीच हौस वाटली नाही, आणि आजही त्याचं चित्र दिसलं की त्या फाटलेल्या पिशव्याच आठवतात. आमच्या घरात दहाव्या मालिकेचा मान मेड्युसाला होता. सापांचे केस आणि पायांच्या जागी एकसंध वळलेली शेपटी. पिशवीत पाय सापडले नाहीत की काळजाचा ठोका चुकायचा.

त्यानंतरची वर्षं मी भराभर सांगते, कारण ती तशीच गेली. स्वतंत्र मालिकांमध्ये सिनेमांच्या मालिका शिरल्या. बॅटमॅन, हॅरी पॉटर, डिस्ने. शास्त्रज्ञ, ग्रंथपाल, बॅगपाइप वाजवणारा असली बिनसिनेमाची, बिनगोष्टीची माणसं कमी होत गेली, आणि मुलांना ज्यांची गोष्ट स्वतः रचावी लागे तीच माणसं कमी झाली याचं मला सर्वांत जास्त दुःख आहे. किंमत चढत चढत साडेतीन पौंडांना टेकली. २०२० च्या वसंतात विसावी मालिका आली ती कोविडबरोबर. कशालाही हात लावू नका, असं सगळीकडे लिहिलेलं असताना हाताच्या खेळाने जायचं कुठे? २०२१ मध्ये मालिकेतली माणसं सोळाची बारा झाली.

आणि मग सप्टेंबर २०२३. मार्व्हलची दुसरी मालिका पुठ्ठ्याच्या खोक्यात आली. एकवार वापरायचं प्लॅस्टिक वेष्टनातून काढून टाकायचं, असं कंपनीने २०२० मध्येच जाहीर केलं होतं, त्यासाठी आणि अशाच इतर कामांसाठी तीन वर्षांत ४० कोटी डॉलरपर्यंत खर्च करण्याचं ठरवलं होतं. प्लॅस्टिक जावं, हे मलाही मान्य आहे. नदीकाठच्या गावात राहते मी, थेम्सच्या झाडाझुडपांत काय अडकलेलं असतं ते रोज पाहते. माझी तक्रार पुठ्ठ्याबद्दल नाही. पुठ्ठ्याबरोबर बोटांसाठी काहीच ठेवलं नाही, याबद्दल आहे.

आता काय होतं? खोक्यावर एक चौकोनी संकेत छापलेला असतो. तो फोनच्या अॅपने टिपला की आतल्या माणसाचं नाव पडद्यावर येतं. म्हणजे रहस्य उरलंच नाही. ते फक्त फोनवाल्यांना खुलं झालं आणि बिनफोनच्या पोराला बंद राहिलं. कोणी खिशात वजनकाटा घेऊन येतं. मांडणीपुढे आता माणसं दिसतात ती मान खाली घालून एकेक खोकं फोनसमोर धरणारी. विचारायचं काही नसतं, द्यायचं काही नसतं. हा बदल मुलांच्या बाजूने झाला, असं कोणी म्हणालं तर मला ते पटत नाही. चीनने तर २०२३ च्या जूनमध्ये आठ वर्षांखालच्या मुलांना अशी बंद खोकी विकू नयेत, अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. मुलांच्या पैशांवर जुगार नको, हे तिथल्या सरकारला कळतं. ब्रिटनमध्ये आमच्या मुलांना त्या जुगारातून वाचवणारी होती ती त्यांची दहा बोटं.

सगळ्यांत लागलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. याच सप्टेंबर २०२३ मध्ये, याच कंपनीने ब्रेलच्या विटा सर्वांसाठी विक्रीला आणल्या. विटेच्या माथ्यावरचे गोळे ब्रेलच्या अक्षरांच्या रचनेत, बाजूला तेच अक्षर छापलेलं, म्हणजे दृष्टिहीन मूल आणि डोळस मूल एकत्र खेळू शकतील. फार चांगलं काम आहे ते, मनापासून सांगते. पण ज्या महिन्यात बोटांनी वाचायची वीट विक्रीला आली, त्याच महिन्यात बोटांनी वाचायची पिशवी गेली. तेरा वर्षं लेगोच्या दुकानात एक खेळणं असं होतं जे न दिसणारं मूल दिसणाऱ्या मुलाइतक्याच, कदाचित जास्तच, हुशारीने निवडू शकत होतं. त्याला कोणाला विचारावं लागत नव्हतं.

म्हणून मी इतकंच मागते. तिसऱ्या मालिकेत पिशवीच्या शिवणीवर ठिपके उठवता येत होते, पुठ्ठ्यावर तर ते आणखी सोपं आहे; औषधांच्या खोक्यांवर युरोपभर ब्रेल छापलेलं असतंच. खोक्याच्या एका कडेला माणसाच्या नावाची पहिली दोन अक्षरं ब्रेलमध्ये उठवा. ज्याला रहस्य हवं त्याने तिथे हात लावू नये. ज्याच्याकडे आठवड्याला एकाच खोक्याचे पैसे आहेत, तो ती लिपी एका दुपारात शिकेल.