कोळशाचे डिझेल : रसायन आणि हिशेब

नागपूरच्या उशाला कामठी-उमरेडच्या खाणी, वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालयही आपल्याच शहरात. त्यामुळे गांधीबाग असो की मोमीनपुरा, डिझेल महागले की सवाल निघतोच : या कोळशाचे डिझेल का करीत नाहीत? ट्रकचे भाडे शेवटी कापडाच्या ताग्यावरच चढते, म्हणून आम्ही ही बाब मुळातून समजून घेतली.

कोळसा आणि डिझेल, दोन्हींत मुख्य माल कार्बनच. फरक हायड्रोजनचा. डिझेलमध्ये एका कार्बनमागे सुमारे दोन हायड्रोजन असतात, कोळशात एकही पुरा भरत नाही. ही तूट पाण्यातून भरून काढायची.

तापलेल्या कोळशावर वाफ आणि बेताचा प्राणवायू सोडला की कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांचा मिश्र वायू निघतो. तरी हायड्रोजन कमीच पडतो. मग मोनॉक्साइडचा काही भाग पुन्हा वाफेशी भिडवतात. हायड्रोजन वाढतो, पण तेवढा कार्बन डायऑक्साइड होऊन हातचा जातो. वायूतले गंधक काढावेच लागते, नाहीतर पुढचा उत्प्रेरक निकामी होतो. शेवटी लोखंड किंवा कोबाल्टच्या उत्प्रेरकावर, २०० ते ३५० अंश सेल्सिअसला, कार्बनच्या कड्या जुळून साखळ्या बनतात. आखूड साखळी म्हणजे गॅस, मधली पेट्रोल-डिझेल, लांब ती मेण. ही रीत जर्मनीच्या फिशर आणि ट्रॉप्श यांनी १९२० च्या दशकात शोधली.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. सारा हायड्रोजन वाफेतूनच घ्यायचा, तर कार्बनच्या तीन अणूंपैकी एक कागदावरच खर्ची पडतो. भट्टीच्या उष्णतेसाठी जळणारा कोळसा वेगळा. तीन ताग्यांमागे एक कटाईत घालवून कोण दुकान चालवील? दक्षिण आफ्रिकेने १९५५ पासून हा कारभार चालवला, पण तिथे तेल नव्हते आणि पुढे वर्णभेदामुळे जगाने तेल देणेही अडवले. मजबुरीचा सौदा होता तो.

आपल्या कोळशात राख ३०-४० टक्क्यांपर्यंत असते, ही दुसरी अडचण. बल्लारशाहच्या पुढे त्याच रेल्वेमार्गावरील रामगुंडमचा खत कारखाना १९८० मध्ये कोळशाच्या वायूवर सुरू झाला. तो १९९९ मध्ये बंद पडला. २०२१ मध्ये तिथे पुन्हा खत निघू लागले, पण नैसर्गिक वायूवर.

केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोळशापासून वायू करण्यासाठी ८,५०० कोटींची योजना मंजूर केली. २०३० पर्यंत वर्षाला १० कोटी टन कोळशाचे लक्ष्य आहे. आमच्या मते आपल्या बिरादरीने यात डिझेलपेक्षा मिथेनॉलकडे पाहावे. तोच मिश्र वायू तांबे-जस्ताच्या उत्प्रेरकावरून नेला की मिथेनॉल होते. हैदराबादेत भेलने राखेच्या देशी कोळशापासून रोज पाव टन मिथेनॉल काढणारा प्रायोगिक संच चालवून दाखवला आहे. मिथेनॉलपासून फॉर्मल्डिहाइड बनते आणि सुती कापडाला सुरकुती पडू नये म्हणून फिनिशिंगमध्ये लावतात ते राळ बहुधा त्याचेच असते.