डिस्क तीच, मोजणी वेगळी

एक्स्टर्नल हार्ड डिस्कचं यूएसबी सॉकेट सैल झालं की अनेकजण केसिंग उघडतात, आतली डिस्क काढतात आणि साटा केबलने थेट डेस्कटॉपला जोडतात. डिस्क फिरते, बायॉसमध्ये नाव आणि क्षमता बरोबर दिसते. विंडोज मात्र म्हणतं, ‘डिस्क इनिशियलाइझ करा’, नाहीतर ‘फॉरमॅट करा’.

यातलं काहीही करू नका. केसिंग बदलल्यावर लगेच असं झालं असेल, तर बहुतेक वेळा फाइली जागच्या जागी असतात. इनिशियलाइझ केलं की जुना पार्टिशन टेबल पुसला जातो आणि फॉरमॅट केलं की फाइल सिस्टिमवर नवी मांडणी चढते. खरं नुकसान तिथून सुरू होतं.

केसिंगमध्ये एक छोटा बोर्ड असतो आणि त्यावर ब्रिज चिप. कॉम्प्युटर डिस्कशी नाही, या चिपशी बोलत असतो. डिस्क स्वतः बहुधा 512 बाइटांचा सेक्टर सांगते. पण मोठ्या डिस्कसाठी बनवलेल्या काही केसिंगमधली चिप असे आठ सेक्टर एकत्र धरून 4096 बाइटांचा एकच सेक्टर दाखवते. त्याला कारण होतं. जुन्या एमबीआर पार्टिशन टेबलमध्ये सेक्टरच्या क्रमांकाला 32 बिटच मिळतात. 512 च्या हिशेबाने ती मजल सुमारे 2.2 टीबीपर्यंत जाते, 4096 च्या हिशेबाने 17.6 टीबीपर्यंत. 32 बिट विंडोज एक्सपीला जीपीटी हा नव्या पद्धतीचा पार्टिशन टेबल वाचता येत नव्हता, त्यामुळे 3 टीबीची डिस्क त्यावर अखंड वापरायला ही युक्ती फार कामाची ठरली.

आता आकडेच पाहू. समजा टेबलमध्ये लिहिलंय, पार्टिशन सेक्टर 256 पासून सुरू. केसिंगमध्ये असताना याचा अर्थ 256 गुणिले 4096, म्हणजे 10,48,576 वा बाइट. थेट जोडल्यावर तोच 256 गुणिले 512 होतो, म्हणजे 1,31,072. विंडोज तिथे जाऊन पाहतं, फाइल सिस्टिमची खूण सापडत नाही आणि पार्टिशन ‘रॉ’ दिसतं. जीपीटी असेल तर त्याचा हेडर सेक्टर 1 वर असतो. तो लिहिला गेलाय 4096 व्या बाइटवर आणि शोधला जातोय 512 व्या बाइटवर. उलट दिशेनेही हेच होतं: थेट जोडून फॉरमॅट केलेली डिस्क अशा केसिंगमध्ये घातली तरी ती वाचता येत नाही.

खात्री करायची असेल तर विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये स्टोरेजखाली डिस्क्स उघडा आणि ‘बाइट्स/सेक्टर’ची ओळ बघा. केसिंगमध्ये 4096 आणि थेट जोडल्यावर 512 दिसलं, की निदान झालं.

उपाय साधा आहे. डिस्क जुन्या केसिंगमध्ये परत घाला, सगळं दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, कॉपी उघडून तपासा आणि मगच मूळ डिस्क थेट जोडून नव्याने फॉरमॅट करा. केसिंग पार गेलं असेल तर त्याच मॉडेलचं दुसरं मिळवा. लिनक्स येत असेल तर लॉसेटअप या कमांडला सेक्टर 4096 चा धरायला सांगून डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडता येते. तिथे ‘फक्त वाचण्यापुरती’ची खूण विसरू नका.

एका बाबतीत मात्र ही मोजणी कामाला येत नाही. वेस्टर्न डिजिटलच्या माय बुकसारख्या काही केसिंगमधली चिप सगळा डेटा एन्क्रिप्ट करून लिहिते, तुम्ही पासवर्ड ठेवलेला नसला तरीही. अशी डिस्क थेट जोडली तर नुसता कचरा दिसतो आणि कोणतंही नेहमीचं रिकव्हरी सॉफ्टवेअर तो सोडवू शकत नाही. अशा वेळी जुना बोर्ड, मोडका असला तरी, जपून ठेवा. बोर्ड दुरुस्त करून घेणं हाच तिथे पहिला प्रयत्न असावा.

आणि डिस्क फिरतच नसेल, बायॉसमध्येही दिसत नसेल, तर दुखणं वेगळं आहे. काही नव्या डिस्कना साटा पॉवरच्या तिसऱ्या पिनवर 3.3 व्होल्ट मिळाले की त्या बंदच राहतात. मोलेक्स ते साटा कन्व्हर्टरमध्ये ती लाइन नसते, म्हणून तो लावला की बहुधा डिस्क सुरू होते.