वसंतातील बर्फ

मनालीच्या वर, सोलंगचे खोरे ओलांडून बियास कुंडाच्या वाटेला लागले म्हणजे धुंडीच्या आसपास जे विस्तीर्ण हिमउतार दृष्टीस पडतात, ते एप्रिल महिन्यातील निरभ्र पहाटे इतके प्रसन्न भासतात, की त्यांच्या पोटात काय चालले आहे याची चौकशी करावी, असे सामान्य प्रवाशाच्या मनातही येत नाही. ती चौकशी कशी करतात हे पाहण्याचा योग मला गिर्यारोहकांच्या एका तुकडीबरोबर आला. तिच्या प्रमुख शिक्षकांना सारे अदबीने उस्ताद म्हणत.

ज्या उतारावरून जायचे त्याच्या बगलेला, त्याच दिशेकडे तोंड असलेली पण कोसळण्याचे भय नसलेली एक लहानशी जागा निवडून उस्तादांनी कंबरभर खड्डा खणविला आणि त्याची ऊन न लागणारी भिंत फावड्याने तासून सपाट केली. वरची साल चार बोटे जाड आणि इतकी कठीण होती, की तीत सुरीचे टोक तेवढे शिरले. तिच्याखाली मात्र बोट सहज जाई, आणि आणखी खाली तर सबंध मूठ. दर दहा सेंटिमीटरवर तापमापक खुपसून त्यांनी आकडे वहीत नोंदविले. सालीखालच्या प्रत्येक थरात पारा शून्यावरच होता. म्हणजे हिवाळ्याने साठविलेल्या थंडीची शिल्लक संपली होती आणि यापुढचे ऊन बर्फाला तापविण्यात खर्ची न पडता थेट वितळविण्याच्या कामी येणार होते.

मग त्यांनी खालच्या थरातील चिमूटभर बर्फ काळ्या पत्र्यावर ठेवून भिंग माझ्या हाती दिले. ताज्या हिमाच्या नाजूक चांदण्यांचा तेथे मागमूस नव्हता. भिजविलेल्या साबुदाण्यासारखे वाटोळे, टपोरे, एकमेकांना चिकटलेले कण होते आणि त्यांच्या सांध्यांत पाणी चमकत होते. त्याच थरातील मूठभर बर्फ दाबताच बोटांतून पाणी ठिबकू लागले. त्याखाली जुन्या बर्फाचा एक निसरडा पापुद्रा होता. वरून झिरपलेले पाणी त्यावर अडून पसरते, वरच्या थराची पकड सैल करते, आणि तीस ते पंचेचाळीस अंशांच्या चढावर सारा भार खाली सुटतो. अशा ओल्या बर्फाचा लोंढा कोरड्या हिमाइतका वेगवान नसतो, परंतु तो अतिशय जड असतो आणि थांबताक्षणी आवळून घट्ट होतो. गाडला गेलेला मनुष्य पहिल्या पाव तासात सापडला तर वाचण्याची बरीच आशा असते. त्यानंतर ती झपाट्याने ओसरते. म्हणून मदत यायची ती जवळच्या सोबत्यांकडूनच.

या सर्व तपासाचा मथितार्थ माझ्या मते एकच: वसंतात पहाडावर अंमल चालतो तो रात्रीचा. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता आकाशाकडे सोडून देतो, इतकी की हवा शून्याच्या किंचित वर असूनही पृष्ठभाग गोठतो व दुसऱ्या सकाळी काही तास माणसाचा भार पेलतो. परंतु ढग दाटले, की तीच उष्णता परत फिरते आणि साल धरतच नाही. खालच्या मुक्कामावर ज्या उबदार, ढगाळ रात्रीबद्दल यात्रेकरू समाधान मानतात, ती वरच्या वाटेला सर्वांत घातक असते. सूर्य चढू लागला म्हणजे प्रथम पूर्वेकडचे, मग दक्षिणेकडचे व शेवटी पश्चिमेकडचे उतार सैलावतात. म्हणून उस्तादांनी फर्मावले, की नऊच्या आत पलीकडच्या खडकाळ सोंडेवर पोहोचायचे, आणि तेही एकामागून एक, अंतर राखून.

वेळेच्या या बंधनाच्या संदर्भात एक घटना आठवते: ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथुलाच्या मार्गावर हिमस्खलन होऊन सात पर्यटक प्राणास मुकले, तेही दुपारच्या सुमारास.

दर एप्रिल-मे महिन्यांत पुण्यामुंबईहून शेकडो तरुण हिमालयातील खिंडी ओलांडावयास जातात. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की म्होरक्याने रात्री दोन-तीन वाजता उठविल्यास कुरकुर करू नये, आणि निघण्यापूर्वी रात्री बर्फ गोठला की नाही, हे त्याला अवश्य विचारावे. गोठला नसेल, तर खिशात परवाना असला आणि परतीचे तिकीट काढलेले असले, तरीही त्या दिवशी उतारावर पाऊल टाकू नये.