निळा, नीळ आणि पारवा

इंद्रधनुष्याच्या रंगांचं 'तानापिहिनिपाजा' आमच्या उमरी गावच्या शाळेतही पाठ होतं. त्यातला 'पा' म्हणजे पारवा. न्यूटनने १७०४च्या 'ऑप्टिक्स'मध्ये या रंगाला नीळ देणाऱ्या झाडाचं नाव वापरलं. मराठीने तिथे पक्षी बसवला. पत्र्यावर बसलेल्या पारव्याची मान उन्हात वळली, की राखाडीतून जांभळी-हिरवी झाक उठते. माझ्या मते हा शब्द अधिक जिवंत आहे, आणि लेखकांनी तो फारच कमी वापरला.

नीळ ही मुळात वनस्पती. मराठीत तिला गुळीही म्हणतात. हिरवा पाला हौदात भिजवून आंबवतात, मग पाणी घुसळतात. हवा लागली की निळा गाळ तळाशी बसतो. रंगाऱ्याच्या पिंपातून कापड वर येतं तेव्हा ते पिवळट-हिरवं असतं. डोळ्यांदेखत निळं होत जातं. १८९७ साली जर्मनीतून कारखान्यातली नीळ बाजारात आली आणि शेतातली नीळ मागे पडली. पांढऱ्या धोतराला द्यायची पुडीतली 'नीळ' सहसा या झाडाची नसते, नाव मात्र तेच टिकलं.

संस्कृत 'नील' अरबी-पोर्तुगीज वाटेने 'ॲनिलीन' झाला. मराठीत तो विठ्ठलाचा 'घननीळ' झाला, जी. ए. कुलकर्णींच्या १९५९च्या कथासंग्रहाचा 'निळासावळा' झाला. आणि मराठवाड्यात आज नुसतं 'निळं' लिहिलं, तरी वाचकाला आधी बाबासाहेबांचा झेंडा दिसतो.