नाण्यावरची बाई

मैत्रिणींनो, नाण्यावर राणीचं चित्र असतं हे आपल्याला ठाऊक आहे. पण नाणं पाडायचा हुकूमच मठातल्या बाईचा, आणि तोही साडेआठशे वर्षांपूर्वी! मध्ययुगातल्या जर्मनीची ही चांदीची नाणी मी फोटोत पाहिली, तेव्हा मला देवघरातले टाकच आठवले. तस्साच पातळ पत्रा, ठसा एकाच बाजूने, मागून खोलगट. वजन एक ग्रॅमही नाही.

क्वेडलिनबुर्ग हे ते गाव. राजा पहिला हेन्री वारला आणि ९३६ साली त्याची राणी माटिल्डा आणि मुलगा ओटो यांनी तिथे स्त्रियांचा मठ काढला. राजघराण्यातल्या, सरदारांच्या लेकी तिथे राहत. ९६६ मध्ये राणीची नात मठाची प्रमुख झाली. तीही माटिल्डाच, वय अवघं ११! तिच्या भाच्याने, म्हणजे तिसऱ्या ओटोने, ९९४ मध्ये बाजार, जकात आणि टांकसाळ हे तिन्ही हक्क आत्याला देऊन टाकले. तो तेव्हा १४ वर्षांचा. पुढे ९९७ मध्ये इटलीला निघाला, तर राज्यकारभारही तिच्याच हाती सोपवून गेला.

टाकासारखी नाणी आली ती बाराव्या शतकात. दुसरी बेआट्रिक्स (११३८ ते ११६०), मग तिसरी आडेलहाइड, मग दुसरी आग्नेस. नाण्यावर मठाची प्रमुख ऐटीत बसलेली, डोक्यावर पदर घ्यावा तसं वस्त्र, हातात पुस्तक नाहीतर कमळासारखं लिलीचं फूल. कुणाची आई नाही, कुणाची बायको नाही. मला हे फार आवडलं.

पण थांबा, या नाण्यांची दुसरीही बाजू आहे. त्या काळी तिकडे नाणी अधूनमधून रद्द होत. शेजारच्या माग्डेबुर्गमध्ये आर्चबिशप विखमानच्या काळात तर वर्षातून दोनदा! १२ जुनी द्या, ९ नवी घ्या. उरलेली तीन टांकसाळीच्या मालकाची. आपल्याकडे सराफ दागिना मोडताना घट धरतो ना, तसंच. फक्त इथे मोडायचं की नाही हे आपल्या हातात नाही. जुनं नाणं बाजारात चालायचंच नाही. अंडी-लोणी विकून चार पैसे गाठीला बांधणाऱ्या बाईने काय करायचं? साठवलं तर चौथा हिस्सा गेला. म्हणून लोक आलेला पैसा पटकन खर्चून टाकत. सुट्टे नसले तर नाणं सरळ कात्रीने कापून अर्धं देत, नाण्यावरच्या त्या बाईसकट!